फुलीची जागा

आरेखकांनी पट्टी दाबून धरली आणि कथेतल्या स्वयंपाकघराची चौथी भिंत ओढली. मग पुस्तक जवळ घेऊन तोच परिच्छेद पुन्हा वाचला, कपाळाला आठ्या घातल्या आणि भिंतीबाहेर, खिडकीशी, लाल शाईने एक बारीकशी फुली मारली.

"बाबा, कथेतल्या या बाईंना बाहेर पडायला दारच ठेवलं नाहीत तुम्ही," मागून वाकून बघत मुलगी म्हणाली. दर रविवारी ती दुपारभर त्यांच्याकडे येत असे.

"लेखकानेच ठेवलेलं नाही. तीनदा वाचलं मी."

"मग नकाशा नामंजूर करा की!"

चाळीस वर्षे त्यांनी घरांचे नकाशे काढले होते. वाचनालयातल्या लेखनवर्गात शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, नुसते वाचू नका, लेखक कुठे उभा राहून बघतो आहे ते शोधा. बाकीच्यांनी समासात खुणा केल्या; यांनी घरी येऊन पट्टी काढली. आता वहीत एकवीस कथांचे नकाशे होते आणि प्रत्येकात लेखकाच्या जागेवर एक लाल फुली. कोणी उंबरठ्यावर, कोणी आजाऱ्याच्या उशाशी, तर एक पठ्ठ्या कथाभर जिन्याखालून हललाच नव्हता.

ही सारी धडपड एका पानासाठी होती. पत्नीला जाऊन दोन वर्षे होत आली होती. ती संध्याकाळी शाळेत शिकवून घरी येते आणि दार उघडते, एवढेच त्यांना लिहायचे होते. त्या पानावर तिने एकदा तरी आत यावे. सतरा खर्डे झाले. एका लेखकाकडून त्यांनी आखूड वाक्ये उचलली, दुसऱ्याकडून माणसाआधी त्याची चाहूल आणण्याची हातोटी. तरी दारातून आत येई ती दुसऱ्याच कोणाची तरी बायको.

"आज आपलंच घर काढलंय," असे म्हणत त्यांनी वहीचे पान उलटले. "हे टेबल. ही माझी खुर्ची, म्हणून फुली इथे. ती या दारातून यायची. दार ढकलायची आणि विचारायची, 'झालं वाटतं काम?' आणि गंमत बघ, रोज माझं काम नेमकं आटोपलेलं असायचं. घड्याळ लावल्यासारखी यायची."

नकाशाकडे बघता बघता मुलीने लाल पेन उचलले आणि दाराबाहेर, जिन्याच्या वरच्या पायरीवर, एक ठिपका दिला.

"आई इथे बसायची, बाबा."

"कधी?"

"रोज. मीपण. आत तुमची पेन्सिल चालू असेपर्यंत. आवाज थांबला की उठायची, केस सारखे करायची, मग दार."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पण परत लावला नाही.

"किती वेळ बसायचात?"

"कधी दहा मिनिटं, कधी तासभर. माझे सगळे पाढे त्या पायरीवर पाठ झालेत."

"आणि मला कोणी एका शब्दाने बोललं नाही?"

"एकदा दार वाजलं आणि तुमची रेघ हलली. केवढे ओरडला होतात!"

"मी?" त्यांनी आठवून पाहिले. काहीच आठवेना.

"अहो, त्यात एवढं काय! आम्हाला मजा यायची. हळू आवाजात गप्पा चालायच्या. तुमची नक्कल तर अशी करायची ना, हसू दाबता दाबता माझं पोट दुखायचं."

"माझी नक्कल? तिला नकला यायच्या?"

"हुबेहूब."

"कशी करायची?"

मुलीने मान ताठ केली, एक डोळा बारीक केला, हवेत काल्पनिक पट्टी धरली. क्षणभर तशीच राहिली आणि हात खाली घेतला.

"नाही जमत मला. तिचं वेगळंच होतं."

ते वही काखेत घेऊन उठले आणि खुर्ची तिच्याकडे सरकवली.

"बस इथे. ही पेन्सिल घे."

"काय काढू?"

"काहीही. रेघा ओढ. मी सांगेपर्यंत थांबू नकोस."

बाहेर येऊन त्यांनी दार ओढून घेतले. नकाशांत अशा कितीतरी पायऱ्या त्यांनी आखल्या होत्या. बसले मात्र एकीवरही नव्हते. ही वरची पायरी अरुंद निघाली, दोघींना जेमतेम पुरेल एवढी. ते कठड्याच्या बाजूला सरकून बसले, शेजारी थोडी जागा सोडून, आणि वही मांडीवर उघडली. बंद दाराआडून पेन्सिलीची खरखर ऐकू येत होती, अगदी स्पष्ट, आणि थांबत नव्हती.