सावकाश सुटलेली गोळी

गजेंद्रनं दारू सोडली तेव्हा तो चौतीस वर्षांचा होता, आर्वीतल्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये मुकादम. घराचं दार लावून घेतलं, चार दिवस अंथरुणात थरथरत काढले आणि पाचव्या दिवशी अंघोळ करून कामावर गेला. पुढे गावातल्या व्यसनमुक्ती केंद्रानं त्याला कामावर घेतलं, तेव्हा लोकांना सांगायला त्याच्याकडे एकच गोष्ट होती. मन घट्ट करा, सुटते.

पहिली दोन वर्षं तो हेच सांगत फिरला. रोहणा गावचा तानबा सकाळी उठल्यापासून पिणारा. गजेंद्रच्या शब्दावर त्यानं एका दिवसात बंद केली आणि तिसऱ्या दिवशी शेतात झटके येऊन पडला. बाजूच्या वावरात माणसं होती म्हणून वाचला. वर्ध्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "याला एकदम सोडायला कोणी सांगितलं?"

"म्या. माही तशीच सुटली होती," गजेंद्र म्हणाला.

डॉक्टर रागावले नाहीत. "तुम्ही तसे सुटलात हे तुमचं नशीब. सगळ्यांचं औषध ते नव्हे," एवढंच म्हणाले.

तानबाच्या खाटेजवळ गजेंद्र दोन दिवस बसून होता. त्यानंतर तो शिकायला लागला. समुपदेशनाचा अभ्यासक्रम केला, दवाखान्यात डॉक्टरांशेजारी बसून रुग्ण पाहिले. केंद्रात त्याचं काम ठरून गेलं. आलेल्या माणसाचं ऐकून घ्यायचं आणि त्याला कुठे पाठवायचं ते ठरवायचं. कोणाला केंद्रात ठेवायचं, कोणाला आधी दवाखान्यात न्यायचं, कोणाला घरी राहूनच जमेल. या कामाला आता सोळा वर्षं झाली होती.

गेल्या जानेवारीत एका दुपारी मधुकरराव केंद्रात आले. त्यांचं आर्वीत कापडाचं दुकान. गिऱ्हाइकीच्या वेळी शटर ओढून आले होते. खुर्चीत बसले आणि बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिले.

"आमच्या ओळखीतल्या एका बाईचं हाय, गजेंद्रभाऊ."

"काय घेतात त्या?"

"झोपेच्या गोळ्या. आठ वर्षं झाले. आधी एक होती, आता चार-चार लागतात."

"अन् आज घेतली?"

"कालपासून बंद हाय. म्या डबाच कुलपात टाकला."

आपल्याच घरची गोष्ट बोलून गेलो हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी मान खाली घातली. गजेंद्र उठलाच होता. "घरी कोण हाय वहिनीजवळ?"

"एकटीच हाय."

दोघं मोटरसायकलवर घरी पोचले. शोभाबाई स्वयंपाकघरात ओट्याला टेकून जमिनीवर बसल्या होत्या. थंडीच्या दिवसांतही त्यांच्या कपाळावर घाम होता. समोर चहा सांडला होता आणि तो पुसायला घेतलेलं फडकं हातात थरथरत होतं. गजेंद्रला पाहून त्यांनी पदर सावरला.

"गजेंद्रभाऊले काऊन आणलं? मी का दारू पेते?"

"वहिनी, गोळी सोडा असं सांगाले नाई आलो मी," गजेंद्र खाली बसत म्हणाला. "मधुकरराव, कपाट उघडा."

"गोळी देता तिले? मंग सुटन कशी?"

"सुटते, पण हळूहळू. एकदम बंद केली त झटका येते. माह्याच सांगण्यानं एका माणसाले आला होता."

मधुकररावांनी कंबरेची किल्ली काढली. गजेंद्रनं वर्ध्याच्या मानसोपचार डॉक्टर आकांक्षा यांना फोन लावला. गोळीचं नाव, किती, शेवटची कधी घेतली, सगळं सांगितलं. आत्ता एक द्या आणि आजच घेऊन या, असं त्या म्हणाल्या.

वर्ध्याला न्यायला बोलावलेली गाडी यायला अर्धा तास होता. गोळी पोटात गेल्यावर शोभाबाईंचा श्वास जरा संथ झाला. गजेंद्रनं विचारलं, "पहिली कधी घेतली होती, वहिनी?"

"ऑपरेशन झालं होतं. पंधरा दिवसांसाठी लिहून देल्ली. मंग हेच आणून देत गेले." नवऱ्याकडे न पाहता त्या म्हणाल्या, "त्याच्याआधी मी दुकानात बसत होती. ऑपरेशननंतर हे म्हणे, आराम कर. आठ वर्षं आरामच करून राह्यली. दिवसभर बोलाले कोणी नाई, मंग सारं बोलणं रात्री डोक्यात. झोप काऊन येत नाई, हे मले कोणीच इचारलं नाई."

मधुकरराव दारात उभे होते. जाऊन त्यांनी सांडलेला चहा पुसला.

वाटेत त्यांनी गजेंद्रला हळूच विचारलं, नागपूरला कुठे महिनाभर ठेवता येईल का, कोणाला कळणार नाही असं. केंद्रात तर बायकांसाठी खाटाच नव्हत्या. गजेंद्र म्हणाला, "ठेवाची गरज नाई. डॉक्टर तपासून सांगतीनच, पण घरी राहून होईन. दिवस नाई, महिने लागतीन."

डॉक्टर आकांक्षांनीही तेच सांगितलं. एवढा वेळ लागणार म्हणून मधुकरराव खचले. शोभाबाईंचा चेहरा मात्र पहिल्यांदा सैल झाला.

दर पंधरा दिवसांनी वर्ध्याला जायचं आणि गोळी जराशी कमी करायची, असं सुरू झालं. मार्चपासून शोभाबाई दुपारी दुकानात बसायला लागल्या. एप्रिलमध्ये सलग चार रात्री झोप आली नाही, तेव्हा त्यांनी दोन गोळ्या जास्तीच्या घेतल्या. सकाळी स्वतःच गजेंद्रला फोन केला.

"म्या घेतल्या दोन. सारं वाया गेलं."

"कायचं वाया? तुम्ही सांगितलं ना. डॉक्टरले इचारू."

मधुकरराव पुन्हा कुलूप शोधायला लागले. "किल्ली माह्यापाशी राहीन," शोभाबाई म्हणाल्या. डॉक्टरांनी तीन आठवडे काहीच कमी केलं नाही, मग पुन्हा सावकाश सुरू केलं. ऑक्टोबरात शेवटची पाव गोळीही बंद झाली. झोप अजून कधी लागायची, कधी नाही. पण सकाळी त्या उठून दुकान उघडायला जात होत्या.

एकदा त्यांनी गजेंद्रला विचारलं, "माह्यासारख्या बाया अजून असतीन ना?"

"हायेत. पण केंद्रात सारे गडीमाणसं. बायाईले यायले जमत नाई."

"मंग इकडे पाठवजा. दुकानामागची खोली रिकामीच हाय."

दर मंगळवारी तिथे बायकांनी जमायचं ठरलं. पहिल्या मंगळवारी आंजी गावची जया आली, पुढच्या आठवड्यात आणखी दोघी. गजेंद्र त्यांना दुकानापर्यंत आणून सोडायचा. आत त्यानं बसायचं नाही, हे शोभाबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, आणि त्याला ते पटलं होतं.

डिसेंबरच्या एका मंगळवारी तो गल्ल्याजवळच्या स्टुलावर बसला होता. पडद्यामागून बायकांचं बोलणं येत होतं, शब्द कळत नव्हते. मग एकदम सगळ्या हसल्या.

"काय बोलत असतीन एवढं?" मधुकररावांनी विचारलं.

"मले का मालूम," गजेंद्र म्हणाला.

मधुकररावांनी थोडा वेळ कान दिला. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं, तसे ते मीटरपट्टी घेऊन उठले.