चंदरची कूस

“बाने, टाका दाट घाल. लांब जायचंय तिला.”

नवऱ्याचा, अंगदचा तो आवाज बानूबाईच्या कानातून कधी गेलाच नाही. लांडग्यानं चंदर शेळीची कूस फाडली होती. अंगदनं शेळीचे पाय दाबून धरले होते आणि बानूबाई वाकळीच्या सुईनं तिला शिवत होती. जखम भरली, पण टाके काढायचे राहिले ते राहिलेच. कातड्यात रुतून बसले.

नामांतराची दंगल होऊन दोन वर्षं झाली असतील तेव्हा. त्या उन्हाळ्यात अंगद आणि त्याचा धाकटा भाऊ धोंडीबा शेळ्या घेऊन तेलंगणाकडं चाऱ्याला गेले. परतला एकटा धोंडीबा. म्हणाला, “दादानं तिकडंच दुसरं घर केलं, वैनी. शेळ्या बी त्याच्यापाशीच हायत.”

बारा वर्षं झाली. बानूबाईनं कुंकू पुसलं नाही. सवतीच्या का होईना, दारात धनी जिता आहे, एवढ्याच आधारावर ती उठायची, चूल पेटवायची. सहा सालांमागं धोंडीबा तिकडं जाऊन आला आणि सांगत होता, “चंदर पुन्हा व्याली, दोन करडं हायत.” त्या दिवशी बानूबाईनं शेजारणीला गूळ वाटला होता.

आज ती पालमजवळच्या एका गावात, बागायतदार दिनकररावांच्या ओसरीवर वाकळ शिवत बसली होती. दुपार तापली होती. झाडाचं पान हलत नव्हतं, आणि कुत्री शेतात बसलेल्या मेंढरांकडं तोंड करून गुरगुरत होती.

दिनकररावांच्या पत्नी कमलबाईंनी एक काळी चामडी थैली तिच्या पुढ्यात टाकली.

“सूनबाईची हाय, पुण्याहून आणलेली. बघ की, दोरे लोंबायलेत, कडा वाकड्यातिकड्या. एवढी शिकलेली पोरगी अन् फाटकी थैली घेऊन फिरायली! ती न्हाऊन येस्तवर शिवून टाक.”

“चामडं हाय बाईसाब. सुई मोडंल.”

“सुई मोडती, तुझी जीभ न्हाई मोडत कधी!”

बानूबाई हसली. दोरा ओवता ओवता गुणगुणू लागली,

“सुई सांगे दोऱ्याला, माग सोडू नको माझा,
धनी गेला रानोमाळ...”

पुढची ओळ आलीच नाही. थैलीच्या पोटावर तिचं बोट थबकलं होतं. तिथं एक वळ उठला होता, वितीएवढा. दोन्ही अंगांना भोकांच्या खुणा. एक, दोन, तीन... सात. आणि शेवटी तिरपा, तीन बोटांचा कावळ्याचा पाय. टाका सुटू नये म्हणून असा पाय तिची आई घालायची. आईनं तो तिला शिकवला होता. तिनं कुणालाच नाही.

“अहो मावशी, थांबा!” ओल्या केसांनी सूनबाई धावत आली. “फाटकी नाहीये ती. जपानच्या एका कारागिरानं मुद्दाम तशी केलीय. चामड्यावरचे व्रण तो झाकत नाही, उलट दर्शनी ठेवतो. अशा थोड्याच निघाल्या होत्या. आता लोक शोधत फिरतात.”

“अगं बया!” कमलबाई म्हणाल्या, “मग आमची उंदरानं खाल्लेली पोती धाडू का त्याला?”

बानूबाई हसली नाही. “बाई, हे कातडं कुठलं?”

“आपल्याकडचंच असेल. मद्रासहून तिकडं जायची कातडी.”

“किती वर्सं झाली हिला करून?”

“अकरा. आत तारीख आहे ना.”

अकरा. मग सहा सालांमागं व्याली ती कोण?

तेवढ्यात धोंडीबा दारात आला. दिनकररावांच्या शेतात त्यानं खतासाठी मेंढरं बसवली होती, त्याची ज्वारी न्यायला आला होता. एकटा परतला त्या सालापासून त्यानं मेंढरंच पाळली. शेळी एकही नाही.

बानूबाई उठली. थैली दोन्ही हातांनी, लेकरू धरावं तशी धरून त्याच्यासमोर गेली.

“भावजी, हात लावा हिला.”

“काय हाय, वैनी?”

“लावा तर.”

त्यानं हसत हात लावला. बोटं वळावरून सरकली, कावळ्याच्या पायापाशी आली, आणि त्याच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहून डोळे तेवढे विझले. पोतं खांद्यावरून घसरलं.

“चंदर जिती हाय म्हणालता तुमी.”

“वैनी, लोकांसमोर...”

“लोकांसमोरच म्हणालता. तुमचे दादा कुठं हायत?”

धोंडीबा खाली बसला. जमिनीशी बोलावं तसं बोलू लागला. “पटकी आलती वैनी. आमच्या तळावरची तीन माणसं एका दिवसात गेली. चौथ्या दिवशी दादाला उलट्या सुरू झाल्या. मला लय भ्या वाटलं. मी शेळ्या हाकल्या, वाटंतल्या बाजारात कसायाला देल्या, अन्...”

“माती दिली का त्याला?”

धोंडीबानं घसरलेलं पोतं जवळ ओढलं.

“माती देऊन निघालात का, भावजी?”

कमलबाईंनी तोंडाला पदर लावला.

“न्हाई, वैनी,” धोंडीबा म्हणाला. “मी निघालो तवा दादा जिता होता. पाणी मागायलता.”