बिनसाखरेचा चहा

चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत बसून भिंगं घासणाऱ्या माणसाला सगळे भिंगकाका म्हणत. काका बोलताना अडखळायचे. त्यात भित्रेपणा नाही की मंदपणा नाही. शब्द डोक्यात तयार असतो, तोंडातून सुटत नाही, एवढंच. पण लोकांना कुठला धीर! समोरचा अडला रे अडला की हे त्याचं वाक्य पुरं करणार, वर पुण्य केल्याच्या थाटात हसणार.

मालक तर यात पटाईत. माणूस वाईट नव्हे हो, उलट जीव लावणारा. अकरा वर्षांपूर्वी, पहिल्याच दिवशी, काका चहात जास्त साखर घाला म्हणायला गेले आणि साखरेपाशीच अडले. नको ना, बरं, असं मालकच म्हणून मोकळे झाले. काकांनी मान डोलावली. नाही म्हणायचं तर पुन्हा बोलणं आलं. तेव्हापासून रोज बिनसाखरेचा चहा निमूट गिळायचा. आणि घरी तर मान डोलवायलाही समोर कुणी नाही.

त्या दुपारी दुकानाच्या फोनवर ताई आली. थोरली बहीण, दूरच्या गावची, आवाज दुकानभर ऐकू जाणारा. मेहुणे गेल्यापासून एकटीच. तिच्या घराची वरची खोली भाड्यानं मागायला माणूस दारात उभा होता. तू राहायला येणार असशील तर त्याला नाही सांगते, म्हणाली.

काकांचा जीव तुटत होता जायला. तोंड उघडलं आणि शब्द घशातच रुतला. मान ताठली, ओठ थरथरले. गिऱ्हाइकं टकमका बघायला लागली. मालकांना राहवेना, त्यांनी हळूच रिसीव्हर काढून घेतला.

"ताई, त्यांना नाही जमायचं."

काकांनी सवयीनं मान डोलावली. मग त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"मालक, हा नकार तुमचा," ताई म्हणाली. "माझा भाऊ इतक्या झटपट बोलत नाही. त्याच्याकडे द्या फोन. मी थांबते."

मालक ओशाळले. काका रिसीव्हर कानाला लावून उभे राहिले. पलीकडे ताई एक अक्षर बोलली नाही. लहानपणीही ती अशीच थांबायची.

"ये... ये... येतो."

मग मालकांकडे बघत, हवा तेवढा वेळ घेऊन, ते पुढे म्हणाले, "आणि माझ्या चहात सा... सा... साखर घाल. दोन चमचे."

मालकांनी काउंटरवरचा काकांचा कप उचलला. आणि ते स्वतःच साखरेचा डबा शोधायला लागले.