तुळशीरामचा शब्द

"भाऊ, निघंल ना वो?" चंद्राबाईने चौथ्यांदा विचारलं.

तुळशीरामने दुकानातल्या कॉम्प्युटरच्या सीडी ड्राइव्हचं बटण पुन्हा दाबलं. ते आत गेलं आणि सासुरवाडीत रुसलेल्या जावयासारखं तिथेच बसून राहिलं. बाहेर रिक्षात तिचा नवरा बाळाजी डोक्याला मफलर गुंडाळून बसला होता. त्याच्या मेंदूचे फोटो या सीडीत होते. ते बघूनच ऑपरेशनचं ठरवू, असं सांगून मुंबईच्या डॉक्टरने आज दुपारी बोलावलं होतं, आणि मांडव्याहून मुंबईला जाणारी बोट गाठून देणारी बस वीस मिनिटांत सुटणार होती. रिपोर्टची झेरॉक्स काढताना "फोटो नीट हायेत ना, येवढं बघा" म्हणून तिनेच सीडी दिली होती. आत घालताना बटण चाललं, ते शेवटचं.

दोष द्यायचा तर भक्तीला द्यावा लागेल. दसऱ्याला तुळशीरामने कॉम्प्युटरची यथासांग पूजा केली होती. अक्षतांचे दोन दाणे बटणाच्या फटीत शिरले होते, आणि अडकलेली सीडी काढायला टाचणी घालायच्या बारीक भोकात ओलं कुंकू वाळून दगड झालं होतं.

शेवटी त्याने पनवेलला नोकरी करणाऱ्या लेकीला, आरोहीला फोन लावला. जुन्या कॉम्प्युटरला नवं विंडोज झेपेना म्हणून तिनेच त्यात लिनक्स घालून दिलं होतं.

"बाबा, बटणाचा नाद सोडा. टर्मिनल उघडा, ती काळी खिडकी. इजेक्ट टाइप करा आणि एन्टर मारा."

"नुसतं इजेक्ट? प्लीज वगैरे?"

"काही नको."

त्याने टाइप केलं. उत्तर आलं, डिव्हाइस बिझी. त्याने ते तिला वाचून दाखवलं.

"म्हणजे सीडी अजून वापरात आहे. फोटो उघडाच ठेवलाय ना? तो बंद करा आधी."

पडद्यावर बाळाजीचं डोकं आतून दिसत होतं. तुळशीरामने ते जपून बंद केलं, आणि पुन्हा तीच पाच इंग्रजी अक्षरं मारली.

खोक्यात घर्र झालं. दोन तांदूळ टेबलावर पडले आणि सीडी घेऊन ट्रे सावकाश बाहेर आला.

अलिबागच्या कोर्टासमोर चौतीस वर्षं तुळशीराम लोकांचे अर्ज टाइप करत होता. त्याच्या शब्दांनी कुठल्या टेबलावरचा कागदसुद्धा कधी हललेला त्याने पाहिला नव्हता. आज एक शब्द लिहिला, आणि लोखंड उठून पुढे आलं.

"निघाली," तो म्हणाला आणि सीडी पुढे केली.

चंद्राबाईने सीडी पदरात घेतली, कपाळाला लावली. दाराशी जाऊन ती थबकली.

"भाऊ, ह्यांच्या अपंगाच्या दाखल्याचा अर्ज पन तुमीच लिवला व्हता. तीन वर्सं झाली."

"हो."

"तवा कुनी ऐकलं न्हाय. आज ऐकलं बगा." तिने हात जोडले आणि लगबगीने रिक्षात बसली. बस सुटायला अजून सात मिनिटं होती.

रिक्षा वळेपर्यंत तो दारात उभा राहिला. मग खुर्चीत बसून त्याने नवं पान उघडलं. अर्जदाराच्या जागी बाळाजीचं नाव लिहिलं. सवयीने बोटांनी पुढे 'महोदय, नम्र विनंती की' एवढं उमटवलंच. तुळशीरामने ती ओळ एकदा वाचली. मग त्याने ती पुसली, आणि तिथे दोनच शब्द टाइप केले.

दाखला द्या.