कंबरेचं निमित्त

डेरिक डाबरेने फोन कानाला लावला तेव्हा तो घरामागच्या केळीत उभा होता. घरात बायकोला, ॲनीला, ऐकू जाऊ नये म्हणून मुद्दाम तिथवर गेला होता.

"शत्रुघ्न, या वर्षी माझं काही खरं नाही रे," तो म्हणाला. "कंबर धरलीय. वाकून बसायचंच नाही म्हणतात डॉक्टर. आपण नाव नको देऊया."

पलीकडून शत्रुघ्न म्हणाला, "कंबर म्हनजे जपायला पायजे. खेल काय, पुढच्या वर्सी खेलू. तू आधी बरा हो."

डेरिकने फोन बंद केला आणि तिथेच उभ्या उभ्या डिलनला मेसेज टाकला, 'दे आपलं नाव.'

कंबर ठणठणीत होती. सकाळीच त्याने केळीचे दोन घड उतरवून खांद्यावरून आणले होते.

डेरिक आणि शत्रुघ्नची जोडी बावीस वर्षांची. वसई पूर्वेला नळाच्या तोट्या बनवणारा एक कारखाना होता, तिथे गासचा डेरिक स्टोअरमध्ये आणि जूचंद्रचा शत्रुघ्न लेथवर. जेवणाची सुटी अर्ध्या तासाची. डबा पाच मिनिटांत उरकायचा आणि उरलेला वेळ कॅरम. डेरिकचा खेळ सावध, समोरच्याची सोंगटी अडवून धरणारा. शत्रुघ्न मात्र पहिल्याच फटक्यात डाव फोडायचा, आणि त्याचा रिबाऊंड तर असा की मशीन थांबवून लोक बघायला यायचे. कारखाना सुटल्यावरही रविवारचा खेळ चालू राहिला. चर्चमधली मिस्सा आटोपून डेरिक घरी येईपर्यंत शत्रुघ्नची स्कूटर दारात लागलेली असायची. गासच्या युवक मंडळाची दर जानेवारीत डबल्सची स्पर्धा होते. त्यात ही जोडी सात वर्षं उतरली, पाचदा सेमीफायनलला पोचली. फायनल मात्र एकदाही नाही.

दोन वर्षांपूर्वी शत्रुघ्नचा उजवा हात थरथरायला लागला. आधी चहाचा कप, मग सही, मग स्ट्रायकर. गेल्या जानेवारीत सेमीफायनलला त्याने राणी घेतली होती आणि कव्हरला एकच पांढरी सोंगटी हवी होती, तीही भोकाच्या तोंडावर. पोराने फुंकर मारली असती तरी पडली असती. शत्रुघ्नचं बोट ऐन वेळी हललं, सोंगटी जागच्या जागी राहिली आणि स्ट्रायकर भोकात गेला. डेरिकने डोळे मिटून घेतले, आणि ते समोर बसलेल्या शत्रुघ्नने पाहिलं.

डिलन भेटला तो नंतर. मनवेलपाड्याचा, पस्तिशीचा, बँकेत नोकरीला, जिल्ह्याच्या टीममधून खेळलेला. "अंकल, तुमचा डिफेन्स आणि माझा ब्रेक, बस्स! ट्रॉफी आपली." डेरिक अठ्ठावन्न वर्षांचा होता. आयुष्यात एकदा तरी जिंकून बघावं असं त्याला वाटलं, आणि तसं वाटण्यात काही गैरही नव्हतं. शत्रुघ्नला सरळ सांगायला दोन वाक्यं पुरली असती. पण ती दोन वाक्यं जिभेवर येईनात, म्हणून कंबर पुढे केली. त्याला दुखवायचं नाही म्हणून खोटं बोललो, अशी त्याने स्वतःची समजूत घातली आणि ती महिनाभर टिकलीसुद्धा.

फायनल रविवारी संध्याकाळी होती. चर्चच्या हॉलमध्ये खुर्च्या भरल्या होत्या, बोर्डावर दिवा खाली सोडलेला होता. तिसरा गेम बरोबरीत आला. डेरिकची पाळी आली, त्याने स्ट्रायकर रेषेवर ठेवला आणि नेम धरताना सहज वर पाहिलं.

पहिल्या रांगेत ॲनी येऊन बसत होती. तिच्या शेजारी इस्त्रीचा शर्ट घातलेला शत्रुघ्न. मांडीवर तेलाची बाटली, आणि ती हलू नये म्हणून उजव्या हातावर डावा हात दाबून धरलेला.

डेरिकच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. त्याला वाटलं, उठावं आणि मागच्या दाराने निघून जावं. शत्रुघ्नने त्याच्याकडे बघून मान हलवली, खेळ म्हणून. डेरिकने मारलं. सोपी सोंगटी चुकली.

"रिलॅक्स, अंकल," डिलन पुटपुटला. पुढच्या पाळीला त्याने एकट्याने तीन सोंगट्या आणि राणी घेऊन बोर्ड साफ केला. हॉलमध्ये टाळ्या, शिट्ट्या. डेरिक खुर्चीला चिकटून बसला. टाळ्या वाजवणाऱ्यांत शत्रुघ्न उभा होता आणि त्याच्या टाळ्या नीट जुळत नव्हत्या.

नंतर गर्दीतून वाट काढत तो पुढे आला. "ब्येस्ट झाला," तो म्हणाला आणि डिलनच्या पाठीवर थाप मारली. मग बाटली डेरिकच्या हातात दिली. "निरगुडीचा तेल. बायजानं कढवलाय. रात्री चोलून झोप."

त्याच्या आवाजात टोमणा शोधायला डेरिक धडपडला. टोमणा असता तर बरं झालं असतं. तो नव्हता. एवढ्यात माईकवरून विजेत्यांची नावं पुकारली, फोटोवाला हाका मारायला लागला, आणि डेरिक एका हातात ट्रॉफी नि दुसऱ्या हातात तेलाची बाटली घेऊन फोटोला उभा राहिला. फोटो झाल्यावर बघितलं तर शत्रुघ्न निघून गेला होता.

घराचं दार उघडल्यावर ॲनी म्हणाली, "तो दारात आला आणि विचारतो, कंबर कशी आहे? मला वाटलं चेष्टा करतोय. मी हसले, डेरिक. म्हटलं, कसली कंबर, फायनलला गेलाय, चला, तुम्हाला बघून खूश होईल. त्याचं तोंड एवढंसं झालं. तरी मला कळलं नाही." तिने डोक्यावरचा स्कार्फ काढून खुर्चीवर टाकला. "मला का ओढलंस तुझ्या खोट्यात?"

गावात तीन दिवस अभिनंदन चाललं होतं. पाववाल्यापासून फादरपर्यंत सगळ्यांनी हात मिळवले आणि प्रत्येक हात मिळवताना त्याला ओशाळं वाटत गेलं. ट्रॉफी ॲनीने टेबलावर ठेवली नाही, त्यानेही ठेवली नाही. ती पिशवीतच राहिली.

चौथ्या दिवशी दुपारी तो जूचंद्रला गेला. शत्रुघ्नची बायको बायजा ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिने त्याला बघितलं, पण नेहमीसारखं 'या भावजी' म्हणाली नाही. "आत हाय," एवढंच बोलली.

आतल्या खोलीत शत्रुघ्न एकटाच कॅरम खेळत होता. एका बाजूने मारायचा, उठायचा, बोर्डाला वळसा घालून समोरच्या खुर्चीवर बसायचा, तिथून मारायचा. उजवा हात मांडीवर ठेवलेला. मारत होता डाव्या हाताने. डेरिक उंबऱ्यात उभा राहिला आणि बघत राहिला. डाव्या हाताने कट बसला, सोंगटी पडली. मग रिबाऊंड. तोही बसला, अगदी पूर्वीसारखा नाही, पण बसला.

मागून बायजा म्हणाली, "मागच्या वर्सी हरल्यापासून रोज दोन तास. उजवा गेला तं गेला, डावा तयार करतो म्हनाले. तुमाला सांगायचा नव्हता. स्पर्धेलाच दाखवनार होते."

डेरिकला वाटलं होतं, आलो की सांगून मोकळं व्हायचं. आता ते तेवढं सोपं राहिलं नव्हतं. शेवटी तो म्हणाला, "शत्रुघ्न, कंबर दुखत नव्हती."

"ठाव हाय." शत्रुघ्नने मान वर केली नाही.

"माझं चुकलं. मला जिंकायचं होतं. आणि तुझा हात..."

"मंग तसा बोलायचा. हात हलतो, यंदा नको, येवढा बोलला असतास तं मी रागावलो असतो, चार दिवस. मंग मीच तुमची मॅच बगाया आलो असतो, पुढं बसून." त्याने स्ट्रायकर बोर्डावर ठेवला. "तू दुसऱ्यासंगती खेललास, त्याचा नाय वाईट वाटला. हॉलात मला बगून तू घाबरलास. माझा दोस्त, मला बगून घाबरला. मी काय तुझी बेअब्रू कराया आलो होतो? तेल घेऊन आलो होतो रे."

डेरिक खाली मान घालून उभा राहिला. बायजाने चहा आणून ठेवला, तो त्याने उभ्यानेच प्यायला.

"बसू का?" त्याने समोरच्या खुर्चीकडे बघून विचारलं.

"आज नको," शत्रुघ्न म्हणाला आणि वळसा घालून स्वतःच त्या खुर्चीवर बसला.

पुढच्या रविवारी डेरिक पुन्हा गेला. त्या दिवशी ओट्यावर बसून, मिठागरं विकली गेली, भात कोण लावतं आता, अशा इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. कॅरमचं नाव कोणी काढलं नाही. तिसऱ्या रविवारी शत्रुघ्नने बोर्ड मांडला, पावडर टाकली आणि सोंगट्या लावता लावता म्हणाला, "बस. सिंगल खेलू."

खेळले. शत्रुघ्नचा डावा हात अजून कच्चा होता, डेरिक सहज जिंकला असता. मुद्दाम एखादी सोंगटी सोडावी असं त्याच्या मनात आलं आणि त्याच क्षणी त्याला स्वतःची किळस आली. तो मन लावून खेळला आणि जिंकला. शत्रुघ्नने शेवटची सोंगटी मोजली आणि समाधानाने मान हलवली.

निघताना डेरिकने चपला घालत घालत, आवाज सहज ठेवून विचारलं, "पुढच्या जानेवारीला नाव देऊया का? आपलं?"

शत्रुघ्नने बोर्डावरची पावडर पुसली. "मी विकीला बोललोय," तो म्हणाला. विकी त्याचा पुतण्या. "त्याला डाव्या हाताचा सांगितलाय. तो हो बोलला."

"बरं केलंस," डेरिक म्हणाला.

"रईवारी ये पन."

"येतो."

खाडीपुलावर वारा तोंडावर येत होता. डेरिकने गाडी हळू घेतली. शत्रुघ्नने काही न लपवता सांगितलं होतं आणि विकी लगेच हो बोलला होता. एवढं सोपं होतं ते. त्याला भर दुपारी, रिकाम्या रस्त्यावर, कोणी बघत नसताना, हेल्मेटची काच खाली ओढावीशी वाटली.