हिरव्या पडद्यामागचा फळा

मित्रांनो, मी लातूरच्या एका कॉलेजातला जुना लाकडी फळा आहे. जुना म्हणालो म्हणून लगेच कीव करू नका. आधी माझा जळफळाट ऐकून घ्या.

त्र्याण्णवच्या भूकंपात इथल्या वर्गांच्या भिंती तडकल्या आणि भिंतीवरचे सिमेंटचे फळेही गेले. मुलं पत्र्याच्या शेडमध्ये बसू लागली, तेव्हा निलंग्याच्या ईश्वरप्पा सुतारांनी मला घडवलं. बी.एस्सी.ला गणित शिकवणारे माधवराव सर तेव्हा नवे होते. ते रोज कुणाला तरी पुढं बोलवायचे. मुलं घाबरत खडू धरायची, चुकायची, मागचे हसायचे, मग पुन्हा लिहायची. खडूची धूळ खाऊन खाऊन माझा जीव जायचा, पण काय रुबाब होता माझा!

मग गावात कोचिंगचं पेव फुटलं. तिथल्या गुळगुळीत पांढऱ्या फळ्यांचं कौतुक ऐकून माझ्या अंगाची लाही व्हायची. त्याहून जास्त जळलो ते मोबाईलवर. एवढंसं ते यंत्र, आणि त्यावर देशभरातल्या नामांकित प्राध्यापकांचे कोर्स, तेही फुकट!

"कॉलेजात कशाला जायचं? घरीच बघतोय की," मुलं म्हणू लागली. बाकं रिकामी पडली.

एके दिवशी सरांनीच असा मोफत कोर्स तयार करायचं ठरवलं. मी हरखलो. आता सगळं जग मला पाहणार! तेवढ्यात व्यंकटी शिपायानं हिरवा पडदा आणला आणि माझ्याच चौकटीत खिळे ठोकून, त्यांना दोरी बांधून मला झाकून टाकलं. पडद्याच्या जागी म्हणे कॉम्प्युटरमधून चकचकीत फळा दिसतो. माझे सर माझ्याच पुढ्यात उभे राहून दुसऱ्याचे झाले.

"सर, ह्यो फळा अडगळीत टाकू का?" व्यंकटीनं विचारलं.

सर मान वर न करता कॅमेराच नीट लावत राहिले. ते मला खिळ्यांपेक्षा जास्त लागलं.

परवा हदगावहून वर्षाराणी नावाची मुलगी आली. तिच्या कॉलेजात गणिताला शिक्षकच नव्हते. सरांच्या कोर्सवरच ती शिकत होती. हे ऐकल्यावर मला मोबाईलचा धड रागही करता येईना.

"सर, तुमी सोडवता तवा समदं कळतंय," ती रडवेली झाली. "वही घेऊन बसलं की मधीच अडतंय. कुठं चुकतंय तेच कळंना. परीक्षा तोंडावर आली."

"मग कर बरं माझ्यासमोर," म्हणत सरांनी पडदा बाजूला सारला आणि तिच्या हाती खडू दिला.

कितीतरी दिवसांनी कुणीतरी माझ्यावर लिहीत होतं! लिहिता लिहिता तिच्याकडून उण्याचं चिन्ह सुटलं. सर हाताची घडी घालून बघत राहिले. तिनं मागं सरकून सगळं पुन्हा वाचलं, जीभ चावली, तळहातानंच ती ओळ पुसली आणि उत्तरापर्यंत पोहोचली.

"व्यंकटी," सर दाराकडे वळून हळूच म्हणाले, "फळा इथंच राहू दे."

मी आनंदात असतानाच वर्षाराणीनं मोबाईल काढला आणि माझा फोटो घेतला. म्हणजे शेवटी मीही त्याच्याच पोटात गेलो! जळलो, मित्रांनो, अजूनही जळतो. तुम्ही फुकटचे कोर्स खुशाल बघा. फक्त मला अधूनमधून ओल्या फडक्यानं पुसा आणि चार जणांसमोर माझ्यावर येऊन चुका. माझं तेवढ्यावर भागतं.