लॉगिनच्या पडद्यावरचा निळा

मित्रांनो, कापड रंगवण्याच्या कारखान्यात, उत्तरेकडच्या खिडकीपाशी, एका डगमगत्या टेबलावर बसलेला जुना संगणक म्हणजे मी. माझ्या कपाळावर खडूची अर्धवट पुसलेली फुली दिसेल. भंगारात द्यायच्या वस्तूंवर इथे तशी फुली मारतात. ती का मारली गेली आणि अर्धीच का पुसली गेली, हे सांगण्यासाठी मी तोंड उघडलं आहे. खरं तर ते फार आधी उघडायला हवं होतं. पण मला तोंडच नाही, आहे तो फक्त पडदा. आणि सगळा घात त्यानेच केला.

मी इथे आलो तेव्हा नवा कोरा होतो. मला रंगमास्तरांच्या हवाली करण्यात आलं. मास्तर म्हणजे या कारखान्याची नजर. ओल्या कापडाकडे बघून ते वाळल्यावर कसं दिसेल, हे ते बिनचूक सांगत. त्यांची लेक इथेच ऑर्डरी बघायची. घरी ती त्यांना बाबा म्हणे, कारखान्यात मात्र मास्तर. त्यांनीच तशी ताकीद दिली होती.

आमचं सगळ्यात मोठं काम होतं एका रुग्णालयाच्या परिचारिकांच्या गणवेशाचा निळा रंग. दर दोन महिन्यांनी तोच निळा, तसाच निळा. त्याचा नमुन्याचा तुकडा हाताळून हाताळून तेलकट झाला होता. एके दिवशी मास्तर वैतागून म्हणाले, "या चिंधीवरून मी रंग जुळवू? अगं, याचा मूळ रंग आता मलाच आठवून सांगावा लागतो."

लेक म्हणाली, "मास्तर, मग आठवतोय तोवर याच्यात भरून ठेवू. हा काही मळायचा नाही."

माझं पोट अभिमानाने फुगलं. हा काही मळायचा नाही!

त्या दिवशी तिने माझ्या सेटिंग उघडल्या. सुरू होताना मी, जिथे बनलो त्या कंपनीतून आणलेलं फिकट आभाळ दाखवत असे. ते तिने काढून टाकलं. लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे कमीजास्त करत बापलेक बसले. मास्तर खिडकीतला उजेड स्थिर असेल तेव्हाच बघायचे, म्हणजे अकरा ते बारा. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा अकरा ते बारा. लेकीच्या नाकी नऊ आले. तिसऱ्या दिवशी आकडे ठरले: लाल अठ्ठावीस, हिरवा शहात्तर, निळा एकशे अठ्ठेचाळीस. "हाच," मास्तर म्हणाले. तो रंग लॉगिनच्या पडद्यावर बसला.

"आणि त्याआधी, हा सुरू होत असताना?" लेकीने विचारलं.

"त्याआधी कोरं कापड. आधी कोरं, मग रंग. उलटं कधी झालंय?"

तेव्हापासून रोज सकाळी मी आधी कोऱ्या कापडाचा पिवळसर पांढरा होई आणि मग निळा. जणू मलाही कोणी हौदात बुडवून काढत होतं. रंगाच्या हौदावरचे काका नुकत्याच रंगवलेल्या कापडाचा तुकडा घेऊन येत, माझ्या पडद्याला लावत आणि "जुळला" म्हणून परत जात. येणाऱ्याजाणाऱ्याला मालक कौतुकाने मला दाखवत. ती वर्षं फार सुखाची होती, मित्रांनो.

पण पडदाही म्हातारा होतो. त्याच्या मागचा दिवा पिवळा पडत जातो, इतका सावकाश की रोज बघणाऱ्याला कळतच नाही. मला कळत होतं. पोटात आकडे तेच होते, चेहऱ्यावर मात्र निळ्यात हिरवट झाक उतरत होती. काका त्या खोट्या निळ्याशी कापड जुळवत होते, आणि कापडही हिरवट होत चाललं होतं. मी आतल्या आत ओरडत होतो. पंखा घरघरवून पाहिला, तर काकांनी माझी धूळ झटकली.

एकदा मास्तरांनी तुकडा खिडकीपाशी धरला आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "हिरवट वाटतोय गं."

लेकीने तुकडा माझ्या पडद्यावर ठेवला. "जुळतोय की, मास्तर."

ते कितीतरी वेळ आळीपाळीने दोन्हींकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "मग माझंच काहीतरी चुकत असेल."

नाही हो मास्तर, नाही! तुमचं बरोबर आहे, मी खोटा आहे! पण हे सांगू कोणत्या तोंडाने?

पुढच्या महिन्यात रुग्णालयाने सगळा माल परत पाठवला. नव्या गणवेशाशेजारी कोणीतरी चार वर्षांपूर्वीचा, कपाटात न वापरता राहिलेला गणवेश ठेवला होता. आंधळ्यालाही फरक दिसला असता. मालक माझ्यासमोरच उभे राहून म्हणाले, "मास्तर, वाईट वाटून घेऊ नका. वय होतं प्रत्येकाचं. नजर काही कायमची नसते."

मास्तरांनी महिनाअखेर काम सोडायचं कबूल केलं. माझ्याकडे कोणी बोटही दाखवलं नाही. यंत्र कसं चुकेल?

शेवटच्या दिवशी मास्तरांनी कपाटातून आपल्या नमुन्यांचं गाठोडं काढलं. चाळीस वर्षांत जमवलेली प्रत्येक रंगाची चिंधी त्यात होती. मला वाटलं, घरी नेणार. ते सरळ ब्लीचच्या हौदाकडे गेले. खिडकीतून मला सगळं दिसत होतं. काका ओरडले, "मास्तर, अहो, काय करताय?"

"चुकीच्या डोळ्यांनी जमवलेलं ठेवून काय करायचं?" असं म्हणत त्यांनी गाठोडं हौदात सोडलं. काकांनी बांबूने ओढून काढेपर्यंत डाळिंबी, मोरपंखी, राखाडी, सगळं पांढरं झालं होतं. एका माणसाचं आयुष्य माझ्या डोळ्यांदेखत कोरं झालं, आणि मी लॉगिनच्या पडद्यावर ढिम्म बसून होतो.

नंतर लेक काकांना सांगताना मी ऐकलं. "घरात नुसते पांढरे शर्ट घालतात. म्हणतात, निवडायला नको. परवा माझ्या ओढणीचा रंग मलाच विचारला." ती रडत होती. माझा जीव तीळतीळ तुटत होता.

काही दिवसांनी माझा पडदा एकदम काळा पडला. मालकांनी कपाळावर फुली मारली. मी भंगारात जाण्याआधी माझ्यात साठवलेल्या रंगांच्या कृती काढून घ्याव्यात म्हणून लेकीने बाहेरच्या ऑफिसातला नवा पडदा आणून मला जोडला आणि बटण दाबलं.

आधी कोरं कापड. मग निळा.

ती खुर्चीतून ताडकन उठली. परत आलेल्या मालातला तुकडा तिने पडद्याला लावला. एक निळा, एक हिरवट. ती फोनवर एवढंच म्हणाली, "बाबा, आत्ताच्या आत्ता या." कारखान्यात ती त्यांना पहिल्यांदाच बाबा म्हणत होती.

मास्तर आले ते पांढऱ्या शर्टात. "मला काय दिसणार आता?" असं पुटपुटत ते समोर बसले. मग त्यांनी तो तुकडा पडद्यावरून बाजूला सारला. म्हणाले, "हा माझा निळा आहे."

"हो, बाबा. पडदा बिघडला होता. तुमची नजर कुठेही गेली नव्हती."

त्यांनी खिडकीतून ब्लीचच्या हौदाकडे पाहिलं. मालक दारात येऊन म्हणाले, "मास्तर, सोमवारपासून या." मास्तरांची नजर हौदावरच होती. लेकीने तळहाताने माझी फुली पुसायला घेतली, पण मधेच तिचा हात थांबला आणि तिने वडिलांच्या खांद्यावर ठेवला.

मित्रांनो, यंत्रांची काळजी घ्या, त्यांची वेळोवेळी तपासणी करा, हे तर आहेच. पण माझी विनवणी वेगळी आहे. जाणत्या माणसाची नजर एक सांगत असेल आणि आमचा पडदा दुसरंच, तर त्या माणसाला खोटं ठरवण्याआधी एकदा, फक्त एकदा, पडदा बदलून पाहा.

"पासवर्ड टाका ना, बाबा," लेक म्हणाली. "कृती काढून घ्यायच्यात."

"थांब. आत गेलं की हा रंग जाईल."

चाळीस वर्षांतला तेवढा एकच रंग उरला आहे, आणि तो माझ्याजवळ आहे. दर दहा मिनिटांनी पडदा आपोआप काळा होतो. मास्तर माऊस किंचित हलवतात, आणि मी पुन्हा निळा होतो.